ओटा फोडायची एवढी घाई कशाला?

स्वयंपाकघर नवं करायचं म्हणजे आधी जुना ओटा फोडायचा, हे इतकं ठरून गेलंय की कोटेशनची सुरुवातच तोडफोडीच्या खर्चाने होते. 'कडप्प्याच्या ओट्यावर मॉड्युलर होत नाही' असं शोरूममध्ये सांगितलं जातं आणि हात आखडता असलेली मंडळीही मान डोलावतात. का डोलावतात, कोण जाणे. मॉड्युलर म्हणजे मापात बनवलेली खोकी, त्यांच्या आत ट्रॉल्या आणि पुढे शटर. कडप्प्याच्या उभ्या लाद्यांनी ओट्याखाली जे कप्पे पाडलेले असतात, ती खोकीच आहेत, आणि त्यांचे पैसे कधीच देऊन झालेत. त्या कप्प्यांच्या मापाच्या ट्रॉल्या आणि शटर करून देणारे फॅब्रिकेटर गावोगावी आहेत. उलट ओटा फोडला की खर्च फोडण्यापाशी थांबत नाही. त्याला टेकलेल्या डॅडोच्या टाइल्स तडकतात, तशाच टाइल्स पुन्हा मिळत नाहीत, म्हणून अख्खी भिंत नवी करावी लागते. मग सिंकचे पाइप, पुन्हा वॉटरप्रूफिंग, राडारोडा उचलण्याचे पैसे. एवढं करून दगडाच्या जागी येतं काय, तर लाकडाचा भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड, जो सिंकखाली थोडं पाणी झिरपलं तरी फुगतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं : 'आम्ही वॉटरप्रूफ प्लाय वापरतो.' कोणता, ते विचारा. भारतीय मानकांप्रमाणे आयएस ३०३ मध्ये एमआर आणि बीडब्ल्यूआर असे दोन दर्जे येतात. त्यातला एमआर फक्त दमटपणा सोसतो. मरीन प्लायचं मानक वेगळं, आयएस ७१०, आणि त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. पण या चाचणीत पाहतात ते थरांमधला डिंक सुटतो का, हे. कापलेली कड उघडी राहिली, तर लाकूड पाणी पितंच. म्हणजे चांगला प्लाय वाईट असतो असं मुळीच नाही; तो महाग असतो, आणि कडप्प्याला वाळवी किंवा पाणी यांपैकी कशाचंच भय नसताना त्यावर पैसे घालायचं कारण उरत नाही. कडप्पा चुनखडीचा, त्यामुळे लिंबाने त्यावर पांढुरके डाग पडतात, हे खरं. पण त्यासाठी वर ग्रॅनाइटची लादी चिकटवता येते. ओटा बुटका असेल तर तेवढ्याने जेमतेम दोन सेंटिमीटर उंची वाढेल. काम करणाऱ्या माणसाच्या कोपरापेक्षा ओटा १०-१५ सेंटिमीटर खाली असावा. त्याहून फारच खाली असेल आणि कंबर रोज दुखत असेल, किंवा उभ्या लाद्याच हलत असतील, तर मात्र खुशाल फोडा.

बाकीचे समज किरकोळ, पण खिशाला लागतात. 'चुंबक चिकटलं नाही म्हणजे ट्रॉली ३०४ स्टीलची' हा त्यातला सर्वांत लाडका. स्वस्तातल्या २०२ स्टीललाही चुंबक चिकटत नाही, आणि मिठाच्या बरणीखाली आधी गंजतं ते तेच. क्वार्ट्झचा ओटा दगडासारखा दिसतो, पण त्यात रेझिन असतं, तेव्हा तापलेला कुकर थेट ठेवला की डाग कायमचा. बिनपाइपची चिमणी तेल आणि थोडाफार वास अडवते. उष्णता, वाफ आणि जळणाचे वायू घरातच परत सोडते. त्यापेक्षा खिडकीतला साधा एक्झॉस्ट पंखा बरा. आणि सिलिंडर शटरमागे दडवला की घर नीटनेटकं आणि सुरक्षित, हा समज तर धोक्याचाच. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो. म्हणून त्या शटरला जमिनीलगत झरोके हवेतच. घरात पाइपचा गॅस आला असेल तर उलटं : तो हवेपेक्षा हलका, त्याला वाट वरून लागते.