वायरगार्डचा टनेल नेमका कुठे अडतो?

ओपनबीएसडीत ६.८ आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०२० पासून, वायरगार्ड कर्नलमध्येच आहे. टनेल उभारणं सोपं. पण तो चालला नाही की नवखा माणूस गोंधळतो, कारण वायरगार्ड काही बोलतच नाही. अनोळखी किल्लीच्या पॅकेटला तो उत्तर देत नाही, नकारही कळवत नाही. हे मुद्दाम केलंय: पोर्ट चाचपडणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ता लागू नये. म्हणून कॉन्फिग फाइलला हात लावण्याआधी पॅकेट कुठवर पोचतंय ते बघावं.

रूट होऊन 'आयएफकॉन्फिग डब्ल्यूजी०' चालवा. शेवटचा हँडशेक कधी झाला ते तिथे दिसतं. झालाच नसेल, तर टनेलमधून पिंग चालू ठेवा (पाठवायला काही असल्याशिवाय वायरगार्ड हँडशेक करत नाही) आणि बाहेरच्या नेटवर्क कार्डावर टीसीपीडम्प लावा. हँडशेकची विनंती १४८ बाइटची, उत्तर ९२ बाइटचं. साधारण दर ५ सेकंदांनी १४८ जातायत आणि ९२ एकदाही येत नाही, असं असेल तर समोरच्या टोकालाही टीसीपीडम्प लावा. तिथे विनंती पोचतच नसेल, तर फायरवॉल नाहीतर पोर्ट. पोचूनही उत्तर निघत नसेल, तर पब्लिक की ताडून बघा.

आणि घड्याळही, जे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक विनंतीत वेळ असते. आधीच्या विनंतीपेक्षा जुनी वेळ आली की समोरचा ती टाकून देतो. रास्पबेरी पाय ४ मध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नाही, त्यामुळे वीज जाऊन आली की वेळ मागे पडते. त्यात एनटीपीही टनेलमधूनच जात असेल, तर घड्याळ लागेपर्यंत टनेल नाही आणि टनेल लागेपर्यंत घड्याळ नाही. एनटीपी बाहेरूनच जाऊ द्यावं.

हँडशेक झाला पण डेटा जात नाही? 'डब्ल्यूजीएआयपी' बघा. पॅकेट उलगडल्यावर त्याचा पत्ता त्या पीअरला दिलेल्या रेंजमध्ये बसला नाही, तर ते तिथेच गळतं. मग पीएफचे नियम आणि आयपी फॉरवर्डिंग.

पिंग येतं पण एसएसएच लटकतं, तेव्हा संशय एमटीयूवर. टनेलचा एमटीयू १४२०. आयपीव्ही६ वरून जाताना त्यावर ८० बाइट चढतात, म्हणजे १५००. पीपीपीओई जोडणीत मावतात १४९२. एमटीयू १४१२ करा.

कुणाची मदत मागाल तेव्हा दोन्ही टोकांचे टीसीपीडम्प दाखवा. प्रायव्हेट की मात्र कुणालाही देऊ नका.