भातातील पाणी आणि बियाण्याचे रक्षण

मुरबाड व शहापूर तालुक्यांत भात कापून झोडले, उफणले व कणगीत किंवा कोठीत भरले की वर्षाचे काम पार पडले, अशी समजूत आहे. परंतु पुढे ज्येष्ठात कोठी उघडली असता कित्येकदा वरच्या थरास कुबट वास येतो, दाणे एकमेकांस चिकटलेले आढळतात आणि राबात टाकलेले बी विरळ उगवते. "भात वाळवूनच भरले होते, कोठी गळतही नव्हती, मग पाणी आले कोठून?" असा प्रश्न शेतकरी विचारतात. त्याचे उत्तर पदार्थाच्या अवस्थांविषयीच्या साध्या नियमांत आहे.

पाणी तीन अवस्थांत असते : बर्फ ही घन, पाणी ही द्रव व वाफ ही वायुरूप अवस्था होय. उष्णता मिळाली की पाण्याची वाफ होते व ती गेली की वाफेचे पुन्हा पाणी होते. ही वाफ डोळ्यांना दिसत नाही. वाफ होण्यास पाणी उकळावेच लागते असेही नाही. ओले धोतर सावलीतही वाळते, ते याच कारणाने.

कापणीच्या वेळी भातात शंभर भागांत साधारण २० ते २४ भाग पाणी असते. साठवणीस ते १४ भागांपर्यंत व बियाण्यासाठी १३ किंवा त्याहून कमी असावयास हवे. २० टक्के ओलाव्याचे १०० किलो भात १४ टक्क्यांपर्यंत वाळविले तर त्याचे वजन सुमारे ९३ किलो भरते. म्हणजे ७ किलो पाणी वाफ होऊन हवेत जाते. यास उष्णता पुष्कळ लागते. एक ग्रॅम पाणी ० अंशापासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी पुरतात. परंतु त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास आणखी ५४० कॅलरी खर्ची पडतात. म्हणून एका दिवसाच्या उन्हाने भात पुरते वाळत नाही. वरचे टरफल कोरडे लागते, पण दाण्याच्या आतील ओल बाहेर येण्यास अवधी लागतो.

आता कोठीत काय घडते ते पाहू. दाणा सजीव आहे व तो श्वसन करतो. त्यातून उष्णता, कर्बवायू व पाणी उत्पन्न होते. दाणा जितका ओला, तितके श्वसन अधिक. पौष पौर्णिमेस म्हसा येथील यात्रा भरते, त्या सुमारास या भागात दिवसा ऊब व रात्री चांगली थंडी असते. रात्री पत्र्याची कोठी बाहेरून थंड होते, पण मधले भात उबदारच राहते. मधली उबदार हवा वाफ घेऊन वर चढते, थंड झाकणास लागते व तेथे वाफेचे पाणी होते. गार पाण्याच्या तांब्यास बाहेरून घाम सुटतो, तोच हा प्रकार. ते पाणी वरच्या थरावर ठिबकते व तेथे बुरशी धरते. म्हणजे कोठीतील पाणी बाहेरून आलेले नसून भाताबरोबर आपणच आत भरलेले असते.

यावरून पुढील गोष्टी कराव्यात :

१. भात सारवलेल्या खळ्यावर किंवा ताडपत्रीवर पातळ, सुमारे दोन बोटे जाडीचे पसरावे व तासातासाने हलवावे. ढीग केल्यास आतील वाफेस वाट मिळत नाही.

२. बियाण्याचे भात भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर अगर डांबरी सडकेवर वाळवू नये. अति उष्णतेने अंकुर मरतो. खाण्याच्या भाताच्या दाण्यास चिरा पडून कांडताना कणी अधिक होते.

३. सायंकाळी भात गोळा करून झाकावे. न झाकल्यास रात्रीच्या दवाने दिवसाची मेहनत वाया जाते.

४. उन्हातून उचललेले भात तसेच भरू नये. सावलीत निववून मग भरावे.

५. कणगी किंवा कोठी भिंतीपासून दूर व जमिनीपासून उंच, लाकडी माचीवर ठेवावी. पावसाळी हवेत वाफ फार असते व कोरडा दाणा ती शोषून घेतो. सबब पावसाच्या दिवशी कोठी उघडू नये.

भात वाळले की नाही, हे घरीच पाहता येते. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे भात व चमचाभर अगदी कोरडे बारीक मीठ घालावे, बूच लावून चांगले हलवावे व थोडा वेळ ठेवावे. मीठ काचेस चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांहून अधिक आहे असे समजावे व भात आणखी वाळवावे. मीठ न चिकटले तरी बियाण्याच्या भातास आणखी एक-दोन उन्हे द्यावीत.

राब पेरण्यापूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत व गोणपाट ओलसर राखावे. ८० हून कमी दाणे उगवले तर बी प्रमाणास उतरत नाही. हे मे महिन्यात कळले तर दुसरे बी मिळविण्यास वेळ असतो. पाऊस सुरू झाल्यावर कळले तर हंगाम हातचा जातो.