विजेने झोप येते का?

गेल्या जानेवारीत एक सतरा वर्षांचा मुलगा आईवडिलांसह माझ्या दवाखान्यात आला. त्याच्या जन्मापासून मीच त्याला तपासत आलो आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी सुरू होती आणि रात्री दोन वाजेपर्यंत त्याला झोप येत नव्हती. वडिलांनी पिशवीतून एक लहानसे यंत्र काढून टेबलावर ठेवले. कानाच्या पाळ्यांना दोन चिमटे लावून मेंदूत सौम्य वीज सोडली की झोप लागते, असे त्यांना कोणी सांगितले होते. "डॉक्टरसाहेब, गोळीपेक्षा हे बरे ना?" त्यांनी विचारले.

प्रश्न उडवून लावण्याजोगा नव्हता. जर्मनीत हान्स बेर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूचा पहिला विद्युत-आलेख घेतला. जागेपणी या आलेखात लहान, जलद लहरी दिसतात. गाढ निद्रेत त्या उंच आणि संथ होतात. बाहेरून तशीच संथ वीज दिली तर मेंदू तिच्या तालावर येईल, ही कल्पना त्यातून सुचणे स्वाभाविक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत रशियात 'एलेक्त्रोसोन', म्हणजे विद्युत-निद्रा, या नावाने असा उपचार रूढ झाला. परंतु या विजेने रुग्ण झोपतोच असे नाही, हे ध्यानी आल्यावर अमेरिकेत त्याचे नावही बदलण्यात आले.

२००६ साली ल्युबेक येथे लिझा मार्शल, यान बॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या तरुणांच्या मेंदूला सेकंदाला पाऊण आवर्तन इतक्या संथ गतीने वीज दिली. रात्री पाठ केलेल्या शब्दजोड्या सकाळी त्यांना अधिक आठवल्या. मात्र पुढच्या सर्वच प्रयोगांत असे यश आले नाही. शिवाय येथे आलेली झोप अधिक गाढ झाली होती, न येणारी झोप आणलेली नव्हती. कानाला लावायच्या यंत्रांतील प्रवाह जेमतेम काही मिलिअँपियरचा असतो आणि त्याचाही बराच भाग कवटीबाहेर त्वचेतूनच वाहून जातो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात निद्रानाशावरील उपयोगाचा पुरावा अपुरा ठरला. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१९ साली चिंता व निद्रानाशासाठीची ही यंत्रे मध्यम जोखमीच्या वर्गात घेतली. तेथेही ती वैद्याच्या चिठ्ठीवाचून देण्याची नाहीत.

बालरोगतज्ज्ञ म्हणून माझी शंका आणखी वेगळी होती. हे प्रयोग बहुतांशी प्रौढांवर झालेले आहेत. लहान वयात कवटी पातळ असते, म्हणून तोच प्रवाह आत अधिक पोहोचू शकतो. आणि किशोरवयात मेंदूची घडण चालूच असते. या मुलाला तर तिसऱ्या वर्षी तापात झटके आले होते. मी यंत्रास स्पष्ट नकार दिला.

मग आईवडिलांना दहा मिनिटे बाहेर बसवून मुलाशी बोललो. अंथरुणात मोबाईल, रात्री नऊचा चहा, रविवारी दुपारपर्यंत झोप, हे सारे निघालेच. शेवटी तो हळूच म्हणाला, "काका, झोपलो तर मागे पडेन असं वाटतं." या भीतीपर्यंत कोणताही चिमटा पोहोचणार नव्हता.

या वयात आठ ते दहा तास झोप हवी आणि पाठ केलेले पक्के होण्याचे काम झोपेतच चालते, हे मी त्याला व नंतर वडिलांनाही समजावले. रोज एकाच वेळी उठणे, दुपारी चारनंतर चहा बंद, मोबाईल बैठकीच्या खोलीत, आणि झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जाणे, एवढेच लिहून दिले. प्रौढांच्या जुनाट निद्रानाशातही औषधाआधी वर्तनोपचारच करावा, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली सुचविले आहे.

महिनाभरात तो बहुतेक रात्री साडेअकरापर्यंत झोपू लागला. परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र पुन्हा जागा राहिला. वडिलांनी यंत्र परत केले. संशोधन चालू आहे. उद्या एखादे उपकरण खरोखर उपयोगी ठरले तर मी आनंदाने त्याची शिफारस करीन. तोवर समव्यवसायी मित्रांना एवढीच विनंती, की असे यंत्र टेबलावर आले तर हसू नये. आणि मुलाशी एकट्याने बोलल्यावाचून त्याला परत पाठवू नये.