जुने ते सोने?

‘जुने ते सोने’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. बिर्याणीसाठी घरात जुना तांदूळ शोधला जातो, कारण त्याचा भात मोकळा होतो. लोणचेही मुरल्यावरच चविष्ट लागते. पण कालचे वर्तमानपत्र मात्र आज रद्दीच्या भावाने जाते. म्हणजे जुनी झालेली प्रत्येक वस्तू सोने होत नाही. आज आपण हाच प्रश्न एका वेगळ्याच वस्तूविषयी विचारणार आहोत. ही वस्तू हातात धरता येत नाही, तरी तिची खरेदी-विक्री होते. ती म्हणजे इंटरनेटवरील नाव, अर्थात ‘डोमेन नेम’.

इंटरनेटवरील संगणकांना आकड्यांचे पत्ते असतात. ते लक्षात ठेवणे अवघड असते. म्हणून संगणकांना नावे देण्यात आली. सुरुवातीला या सर्व नावांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जात असे. संगणक वाढले आणि ही यादी अपुरी पडू लागली. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नवी पद्धत आखली. आपण नाव लिहितो आणि त्याचा आकडी पत्ता शोधण्याचे काम ठिकठिकाणचे संगणक वाटून घेतात.

१५ मार्च १९८५ रोजी ‘सिम्बॉलिक्स डॉट कॉम’ हे पहिले डॉट कॉम नाव नोंदले गेले. सिम्बॉलिक्स ही संगणक बनवणारी अमेरिकन कंपनी होती. त्या वर्षभरात अशी केवळ सहा नावे नोंदली गेली. १९९५ पर्यंत नोंदणीला शुल्कही नव्हते. त्यानंतर दोन वर्षांसाठी १०० डॉलर द्यावे लागू लागले.

मग ही सहा नावे सर्वांत महाग असतील का? तसे दिसत नाही. ‘सिम्बॉलिक्स’ला मान मिळतो, तो पहिलेपणाचा. २००९ मध्ये एका गुंतवणूकदार कंपनीने ते विकत घेतले. मोठ्या रकमा मात्र वेगळ्याच नावांना मिळाल्या. ‘बिझनेस डॉट कॉम’ हे नाव १९९९ मध्ये ७५ लाख डॉलरना विकले गेले. त्या वेळी सर्वांत जुने डॉट कॉम नावसुद्धा अवघे चौदा वर्षांचे होते! २०१९ मध्ये ‘व्हॉइस डॉट कॉम’ला ३ कोटी डॉलर मिळाले. ही नावे छोटी आहेत, रोजच्या वापरातील आहेत आणि एकदा ऐकली की लक्षात राहतात. किंमत आली ती यामुळे.

तरीही महागड्या नावांमध्ये जुनी नावे पुष्कळ असतात. असे का? एखाद्या नव्या गावाची कल्पना करा. जे आधी आले, त्यांनी चौकातल्या जागा घेतल्या. पुढे चौकातली घरे जुनीही ठरली आणि महागही ठरली. पण किंमत चौकाची असते, घराच्या वयाची नव्हे. नावांचेही तसेच आहे. एक नाव दोघांना मिळत नाही. त्यामुळे चांगले शब्द आधी येणाऱ्यांनी घेतले.

वयाचा एक उपयोग मात्र होतो. नाव वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे वापरले, तर लोकांचा विश्वास बसतो आणि इतर संकेतस्थळे त्याचा पत्ता देतात. ही झाली मुरलेली चव! पण त्याच नावाने फसवणूक झाली असेल, तर बदनामीही जुनीच मिळते. गूगलचे जॉन म्युलर यांनी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले, की नुसत्या वयामुळे शोधात नाव वर येत नाही. मुदत संपलेली जुनी नावे घेऊन शोधयंत्राला फसवण्याच्या प्रकारांविरुद्ध गूगलने २०२४ मध्ये नियमही केला.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे नाव घरासारखे कायमचे विकत मिळत नाही. डॉट कॉम नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदता येते. शुल्क भरायचे राहिले, तर काही काळाने ते दुसऱ्या कोणालाही घेता येते. मग नोंदणीची तारीखही नवी पडते! १९९९ च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टसारख्या मोठ्या कंपनीचे एक शुल्क भरायचे राहिले आणि हॉटमेल वापरणाऱ्यांची अडचण झाली. शेवटी एका प्रोग्रामरने आपल्या खिशातून ३५ डॉलर भरले.

उद्या तुमच्या अब्बांच्या किंवा मामूंच्या दुकानासाठी नाव घ्यायचे ठरेल. ‘भारत’ हा शेवट असलेली नावे आता देवनागरीप्रमाणे उर्दू लिपीतही घेता येतात. कोणी म्हणेल, “हे नाव वीस वर्षांचे आहे, म्हणून महाग आहे.” तेव्हा तीन प्रश्न विचारा. नाव सोपे आहे का? आपल्या धंद्याला शोभते का? आधी ते कोणी आणि कशासाठी वापरले? उत्तरे समाधानकारक नसतील, तर नवे नाव घ्या आणि ते सचोटीने चालवा. वय आपोआप वाढते. पत मात्र कमवावी लागते.

शब्दार्थ
मुरणे – काळानुसार चव भिनणे
संकेतस्थळ – वेबसाइट
सचोटी – ईमानदारी
पत – बाजारातील विश्वास, साख

स्वाध्याय
१. पहिले डॉट कॉम नाव कोणते व ते केव्हा नोंदले गेले?
२. ‘किंमत चौकाची असते, घराच्या वयाची नव्हे’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या परिसरातील एखाद्या दुकानासाठी सोपे नाव सुचवा व ते का निवडले ते सांगा.