वर्गाचा फळा घरापर्यंत

मुलाच्या शिक्षणाचा भार शाळेने आणि घराने मिळून वाहावा, हे तत्त्व सर्वांनाच मान्य आहे. ते आचरणात आणावयाचे तर शाळेत काय चालले आहे, हे घराला वेळेवर कळले पाहिजे. अडचण येते ती नेमकी येथेच. मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत. पालकांच्या सभा नियमितपणे घेणे आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती यांची माहिती त्यांना देणे, हे त्यांपैकी एक होय. अर्थात ही माहिती मिळणे हा पालकांवरील उपकार नाही, तो त्यांचा अधिकार आहे. पण सभेच्या दिवशी ज्याला कामावरून रजा मिळत नाही, त्याने हा अधिकार बजावावा कसा? वर्गासाठी एक छोटेसे संकेतस्थळ उभे करणे, हा या प्रश्नाला आज सापडलेला एक सोपा मार्ग आहे.

यमुनेकाठची वस्ती

दिल्लीत यमुनेच्या पूर्वेस वसलेल्या मयूर विहाराचेच उदाहरण घेऊ. येथे दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका आहेत, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उंच इमारती आहेत आणि त्यांत निरनिराळ्या प्रांतांतून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे राहतात. शेजारीच त्रिलोकपुरीची पुनर्वसन वसाहत आहे. नदीच्या बाजूस उतरले की खादर लागते. खादर म्हणजे पुराचे पाणी पसरते तो सखल पट्टा. तेथे भाजीपाला पिकवून पोट भरणाऱ्या कुटुंबांच्या झोपड्या आहेत. कार्यालयात काम करणारी आई, रिक्षा चालवणारे वडील आणि वाफ्यात राबणारे आजोबा, अशा सर्वांची मुले या परिसरातील शाळांत शिकतात.

शाळेचा निरोप घरी वेळेवर पोचणे येथे किती महत्त्वाचे आहे, हे गेल्या काही वर्षांनी दाखवून दिले. १३ जुलै २०२३ रोजी दिल्लीत यमुनेची पातळी २०८.६६ मीटरपर्यंत चढली आणि १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मागे पडला. खादरातील कुटुंबांना मयूर विहारच्या रस्त्याकडेला तंबूंत आश्रय घ्यावा लागला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये हवा इतकी दूषित झाली की दिल्लीतील वर्ग दूरस्थ पद्धतीने भरवण्याची वेळ आली. अशा दिवसांत शाळा केव्हा उघडणार, तोवर मुलाने काय करावे, राहिलेली चाचणी कधी होणार, हे प्रश्न प्रत्येक घरात उभे राहतात.

यावर कोणी म्हणेल की, व्हॉट्सॲपचा गट आहेच की! आहे, आणि तो उपयोगीही आहे. परंतु तेथे सकाळी आलेली सूचना दुपारपर्यंत शुभेच्छा, आभार आणि विचारपूस यांच्या ढिगाखाली जाते. रात्री आठला घरी परतलेल्या बापाने ती शोधावी कशी? गट म्हणजे बाजारातले बोलणे, तर संकेतस्थळ म्हणजे वर्गातला फळा. जे लिहिले ते पुसेपर्यंत जागेवरच राहते आणि केव्हाही येऊन वाचता येते.

परितेवाडीचा धडा

या विद्येचे मूळही असेच आहे. देशोदेशीच्या शास्त्रज्ञांना एकमेकांची टिपणे आपापल्या जागी बसून वाचता यावीत, यासाठी टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत विश्वव्यापी जाळ्याची योजना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ते तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. त्या औदार्यामुळेच आज एखाद्या प्राथमिक शिक्षिकेलाही हे साधन हाताशी घेता येते.

आपल्या महाराष्ट्रात त्याचा उत्तम उपयोग करून दाखवला तो सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात. परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत २००९ मध्ये रुजू झालेले शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड छापण्याची कल्पना राबवली. मोबाइल त्या चौकोनी चिन्हासमोर धरला की कविता ऐकू येई, पाठ पाहता येई, स्वाध्याय उघडे. २०१७ मध्ये राज्य शासनाने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड घालण्याचे जाहीर केले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. दहा लाख डॉलरांच्या त्या पारितोषिकाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांच्या कामातून घेण्याजोगा धडा असा की, मुलाच्या हाती असलेल्या कागदालाच त्यांनी नव्या साधनाचे दार केले. लांबलचक पत्ता टंकण्याची गरजच उरली नाही.

पान कसे असावे?

संकेतस्थळ तयार करण्यास आता संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. गूगल साइट्ससारख्या विनामूल्य सुविधेवर तयार चौकट मिळते आणि तीत मजकूर भरावयाचा असतो. खरा विचार करावयाचा तो काय भरावे याचा. चार गोष्टी पुरेशा आहेत : आजचा गृहपाठ, या आठवड्यात शिकवलेला भाग, पुढील सुट्ट्या, चाचण्या व सभा, आणि शिक्षिकेला कोणत्या वेळी भेटता येईल ते. पानाच्या माथ्यावर तारीख ठळक असावी आणि दररोज ठरलेल्या वेळी ते बदलावे. दोनदा जुनेच पान दिसले की पालक तिसऱ्यांदा पाहत नाही.

मजकूर मुलांच्या घरी समजेल अशा भाषेत असावा. मयूर विहारात तो बहुधा सोप्या हिंदीत असेल, तर सोलापूर-कोल्हापूरकडे मराठीत. वाक्ये लहान असावीत. ज्या घरी वाचणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी शिक्षिकेने तीच सूचना अर्ध्या मिनिटात बोलून ध्वनिमुद्रित करून ठेवावी. मोठी छायाचित्रे आणि हलती चित्रे टाळावीत, कारण स्वस्त मोबाइलवर ती उघडेपर्यंत दिवसाचा डेटा सरतो. पानाचा क्यूआर कोड प्रत्येक मुलाच्या डायरीच्या मुखपृष्ठाच्या आत चिकटवावा. आणखी एक दक्षता अशी की, खाते शिक्षिकेच्या वैयक्तिक नावावर न काढता शाळेच्या नावे काढावे, म्हणजे तिची बदली झाली तरी पान चालू राहते.

मुलांची अब्रू सांभाळा

उत्साहाच्या भरात एका गोष्टीचा विसर पडतो. वर्गातला फळा चार भिंतींच्या आत असतो, संकेतस्थळ मात्र साऱ्या जगासमोर उघडे असते. म्हणून त्यावर मुलांची नावे, छायाचित्रे, पत्ते वा भ्रमणध्वनीचे क्रमांक देऊ नयेत. गुण तर मुळीच देऊ नयेत. गणितात मागे पडलेल्या मुलाची प्रगती त्याच्या आईवडिलांना कळावी, शेजाऱ्यांना कळू नये. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती हाताळण्यास पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. मुलांची चित्रे वा निबंध झळकवावेसे वाटले, तर ते नावाविना आणि घरच्यांना विचारूनच.

शेवटच्या घराची कसोटी

सर्व दक्षता घेतल्यावरही काही घरे उरतात. एकच मोबाइल आणि तोही वडिलांबरोबर दिवसभर बाहेर, अशी स्थिती अनेकांची आहे. त्यांच्यासाठी तोच मजकूर फाटकाजवळच्या सूचनाफलकावर खडूने लिहावा आणि गृहपाठ वहीत उतरवून घेण्याची जुनी पद्धत मोडू नये. २००९ च्या त्याच कायद्याप्रमाणे शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. अशा समितीपुढे महिन्यातून एकदा साधा प्रश्न ठेवावा : कोणत्या घरी पान पोचले नाही, आणि का?

पालकांकडेही थोडे कर्तव्य येतेच. रात्रीच्या जेवणानंतर पाच मिनिटे मुलाला शेजारी बसवून ते पान उघडावे आणि “आज काय शिकलास?” असे विचारावे. आईला अक्षरओळख नसेल तर मुलाने वाचून दाखवावे. शिकवण्याचा मान मिळालेले मूल अभ्यासाला आपण होऊन बसते, हा अनेक घरांचा अनुभव आहे. संकेतस्थळ निरोप पोचवते, पण त्या निरोपावर बोलणे घडले तरच शाळा आणि घर खऱ्या अर्थाने जोडली जातात.