तिसरी प्रेरणा

मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात प्रेरणांचे एक प्रकरण असते. भूक, तहान आणि काम या तिघी तिथे शेजारी शेजारी बसलेल्या असतात. पहिल्या दोघींवर वर्गात व्याख्यान होते; तिसरीची पाळी आली की 'हे घरी वाचा' म्हणून पान उलटले जाते!

मी शिकवते मराठी. राहते पेणला, नोकरी रोह्याला. मध्यंतरी एस.टी.त शेजारी बसलेली मानसशास्त्राची एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "बाई, इंग्रजीत वाचलं की शास्त्र वाटतं. मराठीत सांगायला गेलं तर शिवी होते, नाही तर संस्कृत. मी काय शिकते ते आईला सांगू कसं?"

प्रश्न माझ्याच विषयातला निघाला. वडखळ मागे पडले तशी मी तिला रघुनाथ धोंडो कर्व्यांची हकीकत सांगू लागले. कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले आणि या कार्यापायी १९२५ साली नोकरी सोडली. १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले, ते १९५३ साली मरेपर्यंत चालवले. हस्तमैथुनासारख्या विषयावर वाचक पत्राने शंका विचारीत, कर्वे उत्तरे छापीत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर! तरीही खटला हरले, दंड झाला.

त्यांची सगळीच मते आज पटणार नाहीत. सुप्रजननाविषयीची तर मुळीच नाहीत. पण भाषा पाहावी. प्रमेय सोडवावे तशी. लाजणे नाही, मिटक्या मारणे नाही.

आणि मौज अशी की, अमेरिकेतला किन्सीही परक्याच शाखेतला. किड्यांचा अभ्यास करणारा प्राणिशास्त्रज्ञ. इंडियाना विद्यापीठात १९३८ साली विवाहाविषयीचा वर्ग त्याच्याकडे आला. विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना पुस्तकांत उत्तरे सापडेनात, म्हणून तो माणसांनाच विचारत सुटला. दहा वर्षांनी त्याचा गाजलेला ग्रंथ निघाला.

'कामप्रेरणा' हा शब्द मुलीने वहीत लिहून घेतला. पुढल्या आठवड्यात भेटली तेव्हा मी विचारले, "मग? सांगितलंस घरी?"

"सांगितलं. आईनं भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, यावर किती मार्कांचा प्रश्न येतो?"