टोपीतला हात आणि भिकेची दंतकथा

कोल्हापुरातल्या एका कार्यक्रमात पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, "हँडिकॅप म्हणजे हातात टोपी. इंग्लंडच्या राजानं लढाईत जायबंदी झालेल्या सैनिकांना टोपी पसरून भीक मागायची परवानगी दिली, त्यावरून हा शब्द आला." पहिल्या रांगेच्या कडेला चाकाच्या खुर्चीत एक मुलगी बसली होती. चाकावरचा हात तिनं काढून मांडीवर घेतला आणि ती खाली बघत राहिली.

ही गोष्ट मोबाइलवरही सतत फिरत असते. ती साफ खोटी आहे.

मूळ शब्द 'हँड इन कॅप', म्हणजे टोपीत हात. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये वस्तूंच्या अदलाबदलीचा हा खेळ होता. दोघं सौदेकरी आणि तिसरा पंच. हलक्या वस्तूसोबत वर किती पैसे द्यायचे, ते पंच ठरवायचा. तिघंही थोडे पैसे लावायचे. मग सौदेकरी टोपीत हात घालून एकदम बाहेर काढायचे आणि मूठ उघडी की मिटलेली यावरून सौदा पटला का ते कळायचं. आपल्याकडे जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, तो ज्यानं पाहिलाय त्याला हे लगेच उमगेल. इंग्रज रोजनिशीकार सॅम्युअल पेपिसच्या १६६० च्या रोजनिशीत या खेळाचा उल्लेख आहे. पुढे अठराव्या शतकात शब्द घोड्यांच्या शर्यतीत शिरला. शर्यत चुरशीची व्हावी म्हणून तगड्या घोड्यावर जादा वजन चढवायचे, तो हँडिकॅप. माणसाच्या शरीराला हा शब्द चिकटला तो थेट विसाव्या शतकात.

लंगडेपणाचा खरा जुना इंग्रजी शब्द 'हॉल्ट'. लंगडा माणूस थांबत थांबत चालतो, म्हणून थांबण्यालाही हॉल्ट म्हणतात, असं काहींना वाटतं. पण रेल्वेच्या हॉल्ट स्टेशनातला 'हॉल्ट' वेगळा. तो लष्करी हुकूम म्हणून जर्मनमधून आला. 'तैमूरलंग'मधलं 'लंग'ही आडनाव नव्हे. फारसीत त्याचा अर्थ लंगडा. १९४१ साली समरकंदमध्ये तैमूरची कबर उघडली, तेव्हा त्याच्या उजव्या पायाच्या हाडांवर जुन्या दुखापतीच्या खुणा सापडल्या.

आपल्याकडे 'दिव्यांग' शब्द २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांच्या सूचनेनंतर रूढ झाला. दिव्यांगत्व म्हणजे फक्त हातापायांचं किंवा डोळ्यांचं अपंगत्व, हाही गैरसमजच. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. त्यात थॅलेसेमिया, सिकलसेल आणि ॲसिडहल्ल्याचे बळीसुद्धा येतात.

शब्द बदलावा की नाही, यावर मला वाद घालायचा नाही. पण नसीमा हुरजूक यांचं उदाहरण घ्या. त्यांना ऐन तरुणपणात कमरेखाली पक्षाघात झाला. त्यांनी नोकरी केली, 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र लिहिलं आणि १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. ज्या नावाखाली इतक्या मुलामुलींना शिक्षण आणि रोजगार मिळाला, त्या नावाला भिकेची गोष्ट चिकटवणं मला सहन होत नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी त्या मुलीला घोड्याची हकिकत सांगितली. तिनं विचारलं, "म्हणजे काका, वजन बाहेरून चढवलेलं?" मी हो म्हणालो. सभागृहाच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या आणि उतरण नव्हती. तिच्या भावानं आणि मी खुर्ची दोन्ही बाजूंनी धरली आणि एकेक पायरी खाली आणली.